डोळ्यात ड्रॉप घातलेत, आता किती तास?

आधी उत्तर सांगतो. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा पडदा तपासण्यासाठी जे थेंब घालतात, त्यांचा असर साधारण ४ ते ६ तास राहतो. कुणाचा तीन तासांत उतरतो, कुणाला दुसऱ्या दिवशी सकाळीही खिडकीतला उजेड जरा खुपतो. लहान मुलाचा चष्म्याचा नंबर काढण्यासाठी घरी घालायला मलम दिलं असेल, तर मात्र हिशेब तासांत करायचाच नाही. आठ-दहा दिवस धरून चालायचं, कधी दोन आठवडेही.

एवढा फरक असूनही घरात दोन्हीला एकच वाक्य असतं: ‘डोळ्यात औषध घातलंय.’ मग शेजारच्या काकू ‘संध्याकाळपर्यंत होईल गं नीट’ म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशीही लेकराची बाहुली टपोरी दिसली की आई-बाबांच्या पोटात गोळा येतो. माझ्या आईला मधुमेह आहे, तिला दर वर्षी पडदा तपासायला नेतो. मुलीला सहाव्या वर्षी चष्मा लागला. म्हणजे दोन्ही बाकांवर बसून झालंय. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी त्यावरून लिहितोय.

थेंब आत जाऊन काय करतात

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं भोक. भर उजेडात ते २ ते ४ मिलिमीटर असतं. डॉक्टरांना त्यातून डोळ्याच्या मागचा पडदा बघायचा असतो, आणि पंचाईत अशी की बघायला प्रकाश टाकला की भोक लगेच आकसतं. दाराच्या फटीतून खोली बघितल्यासारखं होतं: समोरचा पलंग दिसतो, कोपऱ्यातलं जळमट दिसत नाही. मधुमेहातलं रक्त उतरणं किंवा पडद्याला कडेला पडलेलं छिद्र नेमकं त्या कोपऱ्यांत सापडू शकतं. थेंबांनी भोक ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठं होतं आणि प्रकाश पडला तरी तसंच राहतं.

बटव्याची नाडी डोळ्यासमोर आणा. बाहुलीभोवती तसा एक गोल स्नायू असतो, तो आवळला की बाहुली लहान होते. शिवाय चाकाच्या आऱ्यांसारखे दुसरे स्नायू असतात, ते बाहेर ओढतात. ट्रॉपिकामाइड नावाचं औषध नाडी सैल करतं, फिनाइलएफ्रिन आरे ओढतं. आपल्याकडे बऱ्याचदा ही दोन्ही एकाच बाटलीत येतात, ०.८ टक्के ट्रॉपिकामाइड आणि ५ टक्के फिनाइलएफ्रिन.

ट्रॉपिकामाइड आणखी एक काम करतं, आणि सगळा त्रास समजायला तेच लक्षात ठेवावं लागतं. जवळचं वाचताना डोळ्यातलं भिंग फुगवणारा जो आतला स्नायू आहे, तोही ते ढिला पाडतं. म्हणजे त्रास दोन झाले: उजेड खुपणं आणि जवळचं न दिसणं. हे दोन्ही एकाच वेळी जात नाहीत. ट्रॉपिकामाइडनंतर वाचायला साधारणपणे आधी येऊ लागतं, उजेडाचा त्रास त्याच्यामागून ओसरतो. दुपारी चार वाजता मोबाइल वाचता आला म्हणून ‘उतरलं’ असं समजून स्कूटरला किल्ली लावणारे इथेच फसतात.

जाता जाता, हे ज्ञान काही फक्त दवाखान्यातलं नाही. महादेवाला वाहायच्या धोत्र्यात याच घराण्यातली द्रव्यं असतात, अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन. धोत्र्याचं फळ फोडून तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते. युरोपात बेलाडोना नावाच्या झुडपाचा रस बायका डोळे टपोरे दिसावेत म्हणून घालत. इटालियन भाषेत बेलाडोना म्हणजे ‘सुंदर बाई’. त्या सुंदर बाईला समोरचा माणूस धड दिसत नसणार, हे वेगळं.

‘कोणता ड्रॉप घातला?’ हा प्रश्न विचाराच

थेंब घालणाऱ्या सिस्टरला किंवा ऑप्टोमेट्रिस्टला (नंबर तपासणाऱ्याला) औषधाचं नाव विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कुणी रागवत नाही. नावावरून वेळ कळते:

- ट्रॉपिकामाइड, एकटं किंवा फिनाइलएफ्रिनसोबत: १५-२० मिनिटांत बाहुली फुलायला लागते, असर ४ ते ६ तास, क्वचित २४ तासांपर्यंत.
- सायक्लोपेंटोलेट: मुलांचा आणि तरुणांचा नंबर काढताना वापरतात. एक दिवस धरा.
- होमॅट्रोपिन: एक ते तीन दिवस.
- अ‍ॅट्रोपिन, थेंब किंवा मलम: आठवडा ते दोन आठवडे.

शेवटची दोन औषधं डोळ्याच्या आतल्या सुजेवर उपचार म्हणूनही देतात. तेव्हा बाहुली मोठी राहणं हा उपचाराचाच भाग असतो, औषध चालू आहे तोवर ती मोठीच राहणार.

तपासणीत याशिवाय आणखी एक थेंब पडू शकतो, तो वेगळा ओळखावा. डोळ्याचं प्रेशर मोजण्याआधी डोळा बधिर करणारा थेंब घालतात. त्याचा असर पंधरा-वीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात डोळा चोळायचा नाही, कारण खरचटलं तरी कळत नाही. प्रेशर बघताना पिवळा रंगही घालतात. रुमालाला पिवळा डाग पडला म्हणून घाबरू नका.

एकाच बाटलीतले थेंब, पण प्रत्येकाला वेगळे

आईला आणि मला एकदा एकाच दिवशी, एकाच बाटलीतून थेंब घातले. आई सत्तरीची. बाहेर आल्यावर तिने चाळिशी लावून औषधांची यादी सावकाश का होईना वाचली. मला माझ्याच मोबाइलवर कुणाचा फोन येतोय ते दिसेना. तिला त्याची इतकी गंमत वाटली की घरी येईपर्यंत ‘आता म्हातारा कोण?’ चालू होतं.

कारण साधं आहे. आईचं जवळचं बघण्याचं यंत्र वयामुळे केव्हाच थांबलंय, ते काम चष्मा करतो. औषधाने जे ढिलं करायचं ते तिच्याकडे उरलंच नव्हतं. माझं यंत्र अजून चालतं, म्हणून बंद पडल्याचं जाणवलं. वय जितकं कमी तितका वाचण्याचा त्रास जास्त.

चष्म्याच्या नंबरावरही बरंच ठरतं. मायनस दोन ते चार नंबर असलेल्यांना एक सोय आहे. चष्मा काढून मोबाइल डोळ्यांजवळ धरला तर बहुतेकदा वाचता येतं, कारण त्यांचा डोळा मुळातच जवळच्या अंतरावर जुळलेला असतो. प्लस नंबरवाल्या तरुणांची अवस्था उलटी. एरवी भिंगाला ताण देऊन ते दूरचंही नीट बघतात, तो ताण औषधाने काढून घेतला की दूरचंही अंधुक होतं. नंबर नसलेल्या तिशीतल्या माणसाने त्या दिवसापुरता बाबांचा जवळचा चष्मा मागून घ्यावा. अडीच नंबरच्या तयार चाळिशीने मोबाइल चक्क वाचता येतो. डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

बुबुळाचा रंगही मधे येतो. घाऱ्या डोळ्यांची बाहुली पटकन फुलते आणि सावकाश पूर्ववत होते. आपल्यातल्या बहुतेकांच्या गडद तपकिरी बुबुळातलं रंगद्रव्य औषध धरून ठेवतं, म्हणून फुलायला उशीर लागतो आणि दोन-तीनदा थेंब घालावे लागतात. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात बाहुली हट्टी होते, कितीही थेंब घाला, पुरती उघडत नाही. आईचं आता तसंच आहे. ‘अजून थोडं बसा’ हे वाक्य आम्हाला दर वर्षी किमान दोनदा ऐकायला मिळतं.

आदल्या दिवशीची तयारी

सोबत कोण येणार ते आधी ठरवा. शक्यतो एका घरातल्या दोघांनी एकाच दिवशी थेंब घालून घेऊ नयेत. आम्ही घातले आणि रिक्षात बसताना एकमेकांना ‘पायरी आहे’ सांगत होतो.

काळा गॉगल, नाहीतर मोठी टोपी किंवा छत्री पिशवीत ठेवा. छत्री उन्हाळ्यातसुद्धा. काही दवाखाने काळ्या प्लास्टिकचा पातळ चष्मा देतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पहिल्या वर्षी आम्ही एप्रिलमध्ये साडेअकराला बाहेर पडलो ते गॉगलशिवाय. आई पदर डोळ्यांवर ओढून उभी, मी गाडी काढायला गेलो, आणि दवाखान्याची शेवटची पायरी तिला दिसलीच नाही. पाय मुरगळण्यावर निभावलं. चूक माझी होती.

कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा लावून जा. थेंबांतलं टिकवण्याचं रसायन मऊ लेन्समध्ये मुरतं. लेन्स परत कधी लावायची ते डॉक्टरांना विचारा.

मधुमेहींनी उपाशी जाऊ नये. या तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही, आणि दोन-तीन तास बसावं लागतं. डब्यात पोळी-भाजी आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. नेहमीची औषधं घेऊन जायचं, मुद्दाम बंद ठेवायची नाहीत.

वेळ कोणती घ्यावी? मी संध्याकाळची घेतो. ऊन नसतं, घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं, असर झोपेतच निघून जातो. पण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तेव्हा सुयांसारखे टोचतात, त्यामुळे संध्याकाळीसुद्धा गाडी चालवायला दुसरा माणूस हवाच. सकाळची वेळ मिळाली तर अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवसाची रजा टाका. कॉम्प्युटरसमोर दुपारी बसून काही होत नाही.

दवाखान्यात

थेंब पडण्याआधी या गोष्टी स्वतःहून सांगा, कुणी विचारलं नाही तरी: रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास, काचबिंदू, याआधी थेंबांची आलेली अ‍ॅलर्जी, गर्भारपण, बाळाला अंगावर पाजत असल्यास तेही. फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून अशा रुग्णांना ते सौम्य देतात किंवा टाळतात. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट मुळातच अरुंद असते. तिथे बाहुली मोठी केल्याने ती वाट बंद होऊ शकते. डॉक्टर आधी ते बघून घेतातच, पण तुम्ही सांगितलेलं बरं.

थेंब पडला की क्षणभर चुरचुरतं. डोळा मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून एक-दोन मिनिटं हलकं दाबा. अश्रू तिथूनच नाकात आणि घशात उतरतात, औषधही त्याच वाटेने जातं. घशाशी कडू लागलं तर ते हेच. दाबून धरलं की औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं.

मग डोळे मिटून बसायचं. मधेमधे मोबाइल बघण्याचा मोह होतो, बघा हवं तर, बिघडत काही नाही. अक्षरं हळूहळू पुसट होत जातात, तेवढीच करमणूक. एक डोळा दुसऱ्याच्या आधी फुलला तर काही वेळ चमत्कारिक वाटतं.

पुढे डॉक्टर कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून वर बघा, खाली बघा, कोपऱ्यात बघा करतात. प्रकाश प्रखर असतो, दुखत नाही. संपल्यावर मिनिटभर सगळं जांभळट किंवा लालसर दिसतं, ते लगेच जातं. डॉक्टर काय म्हणतात ते सोबतच्या माणसाने लिहून घ्यावं. तुम्हाला लिहिता येणार नाही.

बाहेर पडल्यावरचे सहा तास

गाडी चालवायची नाही, दोनचाकी तर नाहीच. जिना उतरताना कठडा धरा.

पैसे देताना जपा. रिक्षावाल्याला यूपीआयने ५० रुपये देताना एक शून्य जास्त पडलं तर तुम्हाला ते दिसणारच नाही, त्याचा साउंडबॉक्स ‘पाचशे रुपये प्राप्त हुए’ म्हणेल तेव्हा कळेल. सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवून जावं. बँकेचा किंवा विम्याचा कागद त्या दिवशी सहीला घेऊ नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. सिरिंजवरच्या रेघा आणि पेनवरचा आकडा जवळून वाचायचा असतो, आणि नेमकं तेच त्या वेळी दिसत नाही. डोस दुसऱ्याकडून वाचून घ्या. पेनचे टकटक आवाज मोजून अंदाज बांधू नका. गोळ्यांच्या पट्ट्यांचंही तसंच, रात्रीच्या गोळ्या सकाळीच वाटीत काढून ठेवाव्यात.

आणि एक क्वचित लागणारी गोष्ट. थेंबांचा असर असताना पडून डोक्याला मार लागला, तर दुसरा डॉक्टर सगळ्यात आधी डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या बघतो. बाहुली मोठी आणि आकसत नाही, हे मेंदूच्या दुखापतीचंही लक्षण असतं. ‘अमुक वाजता थेंब घातलेत’ हे सांगणारा केसपेपर तेव्हा जवळ हवा.

असर लवकर उतरवायचा उपाय? पाण्याने डोळे धुऊन, गुलाबपाणी किंवा काकडी ठेवून काही होत नाही, औषध आत पोचलेलं असतं. बाहुली परत लहान करणारा फेन्टोलामाइनचा थेंब अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाला, पण त्यालाही तासाच्या वर वेळ लागतोच. पडदे ओढून झोप काढणं स्वस्त पडतं.

मुलांचं मलम

मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार तल्लख असतं. तपासताना मूल भिंगाला ताण देत राहतं आणि नंबर चुकीचा येतो. तो ताण पूर्ण सोडवायला अ‍ॅट्रोपिनचं मलम, बहुतेक तपासणीआधी तीन दिवस, घरीच घालायला देतात. किती वेळा आणि तपासणीच्या दिवशी सकाळी घालायचं की नाही, हे कागदावर लिहून घ्या. तपासणी झाली की चष्मा लगेच मिळेलच असं नाही. असर पूर्ण गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा बोलावतात आणि मग नंबर पक्का करतात.

मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. खालची पापणी ओढून आत सोडायचं, बाहेर आलेलं पुसायचं, आणि आपले हात साबणाने धुवायचे. मी दुसऱ्या रात्री हात न धुता उजवा डोळा चोळला. सकाळी आरशात एक बाहुली वाटाण्याएवढी, एक मोहरीएवढी. ऑफिसात सगळे ‘बरं आहे ना?’ विचारत राहिले, आणि मी आठवडाभर एका डोळ्याने पेपर वाचला.

परीक्षेच्या तोंडावर हे करू नका, सुट्टी गाठा. नाहीच जमलं तर वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: वहीतलं दिसणार नाही, मैदानावर टोपी लागेल. मलम घातल्यावर मुलाचा चेहरा लालबुंद झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली किंवा मूल असंबद्ध बडबडू लागलं, तर पुढचं मलम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. ट्यूब उंच कपाटात ठेवा, पोटात गेली तर ते विष आहे.

मायनस नंबर वाढू नये म्हणून रोज रात्री घालायचे अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब मिळतात, ते प्रकरण निराळं. त्यांना हा हिशेब लावू नका.

फोन कधी करायचा

उजेड खुपणं, वाचता न येणं, कपाळ जरा जड होणं, हे चालतं. डोळा जोरात दुखतोय, लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, डोकं ठणकतंय, उलटी होतेय, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. ती वर सांगितलेली अरुंद वाट बंद झाल्याची लक्षणं आहेत. हे क्वचित होतं, पण झालं तर तास मोजून उपचार लागतात. डोळ्यापुढे अचानक काजवे चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं यांचा थेंबांशी संबंध नाही, पण त्यासाठीही त्याच दिवशी जायचं, आणि तिथे पुन्हा थेंब घालतीलच.

बाहुली उतरली का हे घरी बघता येतं. दिवसा खिडकीकडे तोंड करून हातात आरसा धरा. हाताने डोळा झाका, पाच मोजा, हात काढा. बाहुली झटकन आकसली तर औषध गेलं. नुसती लहान दिसतेय पण हलत नाही, तर अजून थोडं आहे. साधे थेंब असून २४ तासांनंतरही हलत नसेल तर दवाखान्यात विचारा. आई ही परीक्षा आरशाशिवाय घेते. सकाळी उठून देवघरातल्या समईकडे बघते, ज्योत फाकलेली न दिसता नेहमीसारखी दिसली की म्हणते, ‘झालं, आता तू गेलास तरी चालेल.’